जनान्याच्या दाराचं कुलूप

आमच्या संग्रहालयात एकशे अठरा पाट्या आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या मी लिहिल्या आहेत. शाळेत तेहेतीस वर्षं मराठी शिकवून मी निवृत्त झाले. पुढच्याच महिन्यात शेजारच्या वामनरावांनी मला या कामाला जुंपलं. ते म्हणाले, "संध्याताई, मशिनी मले समजतात, पण त्याइच्याबद्दल चार ओळी लिवायच्या म्हटलं का हात चालत नाही."

वामनरावांचा धंदा टॉकीजमधल्या मशिनी दुरुस्त करण्याचा. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर, जिथे प्रोजेक्टर अडला तिथे ते पिशवीत पाने-पेचकस घालून एसटीने जायचे. टॉकीज एकेक करून बंद पडायला लागल्या तेव्हा भंगारवाल्याच्या आधी पोचून त्यांनी त्या मशिनी विकत घेतल्या. घर भरलं, अंगण भरलं. शेवटी अमरावतीतल्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची शेड भाड्याने घेऊन त्यांनी दोन वर्षांपूर्वी हे संग्रहालय उघडलं. सिनेमाचे प्रोजेक्टर, रिळं, काचेच्या स्लाइडी, व्हॉल्व्हचे रेडिओ, टेपरेकॉर्डर, व्हीसीआर, केबलवाल्यांची पेटी असं सगळं इथे आहे. रविवारी पन्नासेक लोक येतात. एरवी शाळांच्या सहली.

गेल्या ऑगस्टमध्ये फार्मसी कॉलेजची पोरं आली होती. त्यातली एक मुलगी टॉकीजच्या फोटोंच्या भिंतीपाशी उभी राहिली ती हलेचना. मग धावत माझ्याकडे आली.

"मॅडम, ही माझी नानी आहे."

मुलीचं नाव लुबना. अकोल्याची, इथे होस्टेलला राहून शिकते. तिने बोट दाखवलेला फोटो अकोल्याच्या दिलबहार टॉकीजचा होता. स्टेजवर टॉकीजचे मॅनेजर चंद्रभान एका बाईला भिंतीवरचं घड्याळ देत आहेत आणि बाईने डोक्यावरचा पदर एका हाताने धरला आहे. फोटो आणि त्यासोबतचं वर्तमानपत्राचं कात्रण मॅनेजरच्या मुलाने वामनरावांना दिलं होतं. कात्रणावरून पाटी मी लिहिली होती. ती बाई अजून आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

"पुढच्या रविवारी घेऊन ये त्यांना," मी म्हटलं.

लुबनाने खरंच आणलं. दोघी अकोल्याहून सकाळच्या एसटीने आल्या. बिस्मिल्लाबी सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, गुडघ्यांनी जरा वाकलेल्या. साडीचा पदर फोटोतल्यासारखाच डोक्यावर. लुबनाशी हिंदीत बोलायच्या, आमच्याशी चोख वऱ्हाडीत. आल्या आल्या वामनरावांनी विचारलं, "भाभी, चहा घेता का आधी?"

"चहा मंग. आधी मशीन दाखवा."

मी समजले, आठवण म्हणून विचारत असतील. पण तसं नव्हतं. दिलबहारमध्ये त्यांनी सत्तावीस वर्षं नोकरी केली आणि प्रोजेक्टर एकदाही पाहिला नव्हता. वरच्या केबिनमध्ये बायकांनी जायचं नाही, असा तिथला नियम होता. मशीनचा खरखर आवाज तेवढा खाली यायचा.

वामनरावांनी त्यांना दिलबहारचीच मशीन दाखवली. झाकण उघडून कार्बनच्या कांड्या कुठे जळायच्या, रीळ कुठून कुठे फिरायचं, सगळं सांगितलं. मग एक तुकडा लावून मोटर सुरू केली. बिस्मिल्लाबी कान देऊन ऐकत राहिल्या.

"हाच आवाज," त्या म्हणाल्या. "दाराशी स्टुलावर बसली का ऐकू यायचा. आवाज थांबला का पोट्टे शिट्ट्या मारत." मग यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवला. "एवढं मोठं असंन असं नव्हतं वाटलं."

फिरता फिरता त्यांची हकिगत कळत गेली. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा पदरी तीन मुली, धाकटी अजून पाळण्यात. दिलबहारच्या मॅनेजरला जनान्याच्या दारावर बाई हवी होती. जनाना म्हणजे बायकांची वेगळी बाजू. मधे लाकडी आडोसा, आणि जा-ये करायला गल्लीकडे उघडणारं वेगळं दार. त्या दारावर बिस्मिल्लाबी १९७७ साली लागल्या. तिकीट फाडायचं, अंधारात टॉर्चने जागा दाखवायची, रडणारं पोर बाहेर आणून खेळवायचं, भांडणं सोडवायची. रोजचे तीन खेळ. सिनेमा सुरू असताना त्या दाराशी, त्यामुळे सिनेमा पाहिला तो तुकड्यातुकड्यांनी. गाणी पाठ, बोलणं पाठ, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग असा एकही नाही.

व्हीसीआरच्या कपाटापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "हेच का ते, ज्याच्यानं टॉकीज बसल्या?"

"हे एक. मंग केबल आली, मंग बाकीचं," वामनराव म्हणाले.

"दिसाले तं बारकं दिसते."

मग आम्ही फोटोंच्या भिंतीपाशी आलो. लुबनाने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. नानी स्वतःचा फोटो पाहते, असं तिला टिपायचं होतं. बिस्मिल्लाबींनी फोटो बराच वेळ पाहिला. त्यांना उर्दू थोडं वाचता येतं, मराठी अक्षर नाही. म्हणून लुबनाने पाटी मोठ्याने वाचली.

"दिलबहार टॉकीज, अकोला. मे १९८४. दुपारच्या खेळात जनाना विभागात धूर पसरला. द्वाररक्षक बिस्मिल्लाबी यांनी प्रसंगावधान राखून दार उघडले व सुमारे दीडशे महिला-मुलांचे प्राण वाचवले."

"अजून एक डाव वाच."

लुबनाने पुन्हा वाचली. बिस्मिल्लाबी माझ्याकडे वळल्या.

"हे कोनं लिवलं?"

"मी लिहिलं."

"दार उघडलं हे लिवलं तुमी. लावलं कोनं, हे नाही लिवलं."

मला काही कळलं नाही. वामनरावांनी खुर्ची आणली. त्या बसल्या आणि कुठलाही आव न आणता सांगायला लागल्या. आधी लुबनाला म्हणाल्या, "वो बंद कर." लुबनाने मोबाइल खाली घेतला.

इंटर्वलनंतर गल्लीतले पोट्टे जनान्याच्या दाराने फुकट आत घुसायचे. म्हणून मॅनेजरने नियम केला होता की इंटर्वल संपला की दाराला आतून कुलूप लावायचं, आणि किल्ली घेऊन बिस्मिल्लाबींनी दाराला लागूनच बसायचं. जागा सोडायची नाही. सात वर्षं त्यांनी जागा सोडली नव्हती.

"त्या दिवशी सोडली," त्या म्हणाल्या. "तो सिनेमा चार हप्ते चालून राह्यला होता. दाराच्या कोपऱ्यातून पडदा अर्धाच दिसे. मले शेवट पाहाचा होता. पुढं चौथ्या लाइनीत एक खुर्ची खाली होती. किल्ली पदराच्या गाठीत बांधली अन् जाऊन बसली."

आडोशाजवळच्या पंख्याची मोटर जळली आणि धूर निघायला लागला. आग अशी नव्हतीच, पण कोणीतरी ओरडलं. आडोशाकडे धूर, म्हणून सगळ्या बायका गल्लीच्या दाराकडे धावल्या. दाराला कुलूप, किल्ली चौथ्या रांगेत, आणि मधे दीडशे बायका.

"म्या ओरडून राह्यली, किल्ली माह्यापाशी हाय, सरका, सरका. कोन ऐकते? मंग खुर्च्याइवरून चढून गेली. बायाइच्या खांद्यावर पाय दिला असंन म्या. पाच मिनटं लागले असतीन. मले तासभर वाटलं. कुलूप खोललं तवा दोघी खाली पडल्या होत्या. एका म्हातारीची बरगडी मोडली. अन् भाजीवाल्या दुर्गाबाईचं कोपर."

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रभान मॅनेजरने त्यांना ऑफिसात बोलावलं. कुलूप होतं हे तोंडातून काढायचं नाही, टॉकीजचं लायसन जाईल आणि तुझी नोकरीही, असं बजावलं. आठवड्याने स्टेजवर घड्याळ दिलं, वर्तमानपत्रवाले बोलावले. मोडलेल्या हाडांचा बातमीत उल्लेख नव्हता.

"घ्यालेच नोतं पायजे घड्याळ," बिस्मिल्लाबी म्हणाल्या. "पन घेतलं."

लुबनाचा चेहरा उतरला होता. त्या पाटीचा फोटो तिने स्टेटसला ठेवला होता, वर्गात सगळ्यांना दाखवला होता. "नानी, घर चलते हैं," एवढंच ती म्हणाली.

वामनरावांनी समजूत काढायचा प्रयत्न केला. "भाभी, चाळीस वर्सं होऊन गेली. मॅनेजर नाही, टॉकीज नाही. कुलूप त्याच्याच हुकमानं होतं, अन् शेवटी दार तं तुमीच उघडलं ना? आता कोन इचारते?"

"कोनी इचारत नाही म्हणून तं इथपरेंत आलं."

मी शिक्षिका. फळ्यावर चूक लिहिली तर पुसून बरोबर लिहायची, एवढं मला कळतं. मी विचारलं, "पाटी काढून टाकू का?"

"काढू नोका. बराबर लिवा. पन आधी मी दुर्गाबाईले सांगतो. तिच्याआधी भिंतीनं सांगू नये." आणि मला म्हणाल्या, "तुमी बी चाला. लिवलं तुमी हाय."

हो म्हणण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. त्याच दुपारी लुबनाला होस्टेलवर सोडून आम्ही दोघी अकोल्याच्या एसटीत बसलो.

दुर्गाबाई अकोल्यात भाजीबाजारात बसायच्या, हे बिस्मिल्लाबींनी मला एसटीत सांगितलं. वैदूने बसवलेलं कोपर वाकडंच राहिलं. टोपलं एका हाताने उचलायच्या. बिस्मिल्लाबी दर आठवड्याला त्यांच्याकडूनच भाजी घ्यायच्या. आणि दुर्गाबाई दर वेळी म्हणायच्या, "तुमी नसत्या तं म्या त्या दिवशी मेली असती," आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी वरून पिशवीत टाकायच्या. नको म्हटलं तरी टाकायच्या.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"ती बाजारात बसनं बंद होयेपरेंत. पंचवीस वर्सं असतीन."

"आणि तुम्ही घेत राहिलात?"

"घेतलं. भाजीत टाकलं. खाल्लं."



दुर्गाबाई आता मुलाकडे, मनोजकडे राहतात. मनोज पोस्टात आहे. दोन खोल्यांचं नवं घर, दारात तुळस नाही, पण बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो समोरच्या भिंतीवर. दुर्गाबाई पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. आम्हाला पाहून खूश झाल्या. सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी कोण हे बिस्मिल्लाबींनी सांगितलं, आणि मग बसायच्या आधीच, उभ्या उभ्या, सगळं बोलून टाकलं. कुलूप, किल्ली, चौथी लाइन, सिनेमाचा शेवट.

दुर्गाबाईंचे हात शेंगांवर थांबले.  आतून गॅसचा आवाज येत होता.

"म्या दाराले दोनी हातानं ठोकलं होतं," त्या म्हणाल्या. "अंधारात, धुरात कुलूप दिसलंच नाही, मले वाटलं बाहीरून कोनं कडी घातली. इतके दिवस मले तेच वाटे, का गल्लीतल्या पोट्ट्याइनं मस्करी केली. लय शिव्या देल्ल्या म्या त्याइले."

"नाही. म्याच लावलं होतं."

"मंग तवा काहून नाही सांगतलं?"

"नोकरी गेली असती. तीन पोरी होत्या."

"अन् मंग? पोरीइचे लग्न झाले, टॉकीज बंद पडली, तवा?"

 बिस्मिल्लाबी म्हणाल्या, "लाज वाटली."

"माह्या हातातून सांबार घ्याले नाही वाटली?"

सून चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. दुर्गाबाईंनी तिला आत जायला सांगितलं. मग आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी जा आता. मले हे डोक्यात बसू द्या."

आम्ही उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला. माझ्यासाठी होता.

"मॅडम, तुमी तिथं भिंतीवर लिवनार हा ना?"

"तुमची हरकत नसेल तर."

"लिवा. पन 'एक महिला जखमी झाली' असं नोका लिवू. माहं नाव लिवा. दुर्गाबाई तायडे. त्या पेपरात बी नोतं."

बिस्मिल्लाबींना मी त्यांच्या घरी सोडलं. वाटेत त्या रडल्या वगैरे नाहीत. रिक्षावाल्याशी भाड्यावरून नेहमीसारख्या भांडल्या. मात्र उतरताना म्हणाल्या, "तिनं गालीगलौज केला असता तं बरं झालं असतं."

पाटी लिहायला मला दोन आठवडे लागले. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'व्यवस्थापकांच्या आदेशावरून दाराला कुलूप होते.' तेवढी ओळ लुबनाने फोनवर नानीला वाचून दाखवली. निरोप आला की हे अर्धं आहे. "मी जागा सोडून सिनेमा पाहाले गेली होती, हे बी लिवा." मी म्हटलं, वाचणाऱ्याला त्याची गरज नाही. उत्तर आलं, "मले हाय."

या सगळ्यात लुबना मधे होती. त्या रविवारनंतर ती दोन दिवस नानीशी बोलली नव्हती, हे तिनेच मला सांगितलं. मोबाइलवरचं स्टेटस तिने गुपचूप काढून टाकलं होतं. मैत्रिणींनी विचारल्यावर काहीतरी थाप मारली. मग एका रविवारी ती एकटीच संग्रहालयात आली, माझ्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी टाइप करून देते. तुमच्यापेक्षा माझा स्पीड जास्त आहे." टाइप करता करता थांबली. "मला राग नानीने कुलूप लावलं याचा नाही येत. तेव्हा ती माझ्याहून थोडीच मोठी होती, अठ्ठावीस वर्षांची. तिला सिनेमा पाहायचा होता, बस. मला राग येतो की मी सगळ्यांना फुशारकी मारत फिरले आणि ती हे पोटात ठेवून ऐकत बसली."

"तिला सांगितलंस हे?"

"काल सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तू फुशारकी मारायचीस तेव्हा मला बरं वाटायचं."

नवी पाटी ऑक्टोबरमध्ये लागली. जुनीपेक्षा दुप्पट लांब झाली. वामनरावांनी कुरकुर केली की इतकं कोणी वाचत नाही. पण लोक वाचतात. फोटोंच्या भिंतीपाशी आता जास्त गर्दी असते. कोणी म्हणतं, बाई प्रामाणिक. कोणी म्हणतं, एवढं उगाळायची काय गरज. एका माणसाने माझ्याशी वादच घातला, की मॅनेजर मेला असताना त्याची बदनामी करता. मी त्याला सांगितलं की मॅनेजरच्या मुलाला आम्ही आधी वाचायला दिलं होतं. त्यानेच खाली सही करून दिली आहे, कात्रण आणि फोटोही परत मागितले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मनोज आईला घेऊन आला. दुर्गाबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. बिस्मिल्लाबींना मी कळवलं होतं, आणि लुबना त्यांना घेऊन आधीच येऊन बसली होती. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना पाहून हसल्या नाहीत. पण दुर्गाबाईंनी विचारलं, "गुडघे कसे हायेत?" आणि बिस्मिल्लाबी म्हणाल्या, "चढउतार जमत नाही." बोलणं सुरू झालं, एवढं खरं. भाजीचे भाव, मनोजच्या बदलीचं, लुबनाच्या परीक्षेचं. कुलपाचा विषय कोणी काढला नाही.

वामनरावांनी दुर्गाबाईंना सगळ्या मशिनी दाखवल्या. त्यांना रेडिओ आवडला, प्रोजेक्टर नाही. त्या दिवसानंतर दुर्गाबाई टॉकीजमध्ये पुन्हा कधी गेल्याच नव्हत्या, ना दिलबहारला ना दुसऱ्या कुठे.

मग त्या पाटीपाशी आल्या. त्यांना वाचता येतं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकल्या आहेत. त्यांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत, एकेका शब्दावर बोट ठेवत सबंध पाटी वाचली. बिस्मिल्लाबी दोन पावलं मागे उभ्या होत्या. वाचून झालं तसं दुर्गाबाईंनी बोट मागे नेलं आणि एका ओळीवर पुन्हा टेकवलं.

"मॅडम, इकडं या."

मी गेले.

"तुमी लिवलं, दुर्गाबाई तायडे यांचा डावा हात कायमचा अधू झाला." त्यांनी उजवा हात वर केला. कोपरातून तो पुरता सरळ होत नव्हता. "हा हाय तो."

मी त्या दिवशी त्यांच्यासमोर बसले होते. समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी माफी मागितली. बिस्मिल्लाबी मागून म्हणाल्या, "मले वाचता येत नाही, नाईतं मी तवाच सांगतलं असतं. त्या हातानं भाजी तोलताना म्या किती वर्सं पाह्यलं."

"तुमी तं काहीच नोका सांगू," दुर्गाबाई म्हणाल्या. पण हे म्हणताना त्यांनी तोच हात बिस्मिल्लाबींच्या खांद्यावर ठेवला होता, फोटोंच्या भिंतीपासून बाकापर्यंत जायला आधार म्हणून.

लुबनाने पेचकस आणला. मी पाटी भिंतीवरून उतरवली.